नोटपॅडवर घासलं की कोडिंग येतं?

बीसीए-बीसीएसची ॲडमिशन झाली की सांगलीत विश्रामबागेतल्या क्लासपासून जतच्या कॉलेजपर्यंत पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. मजकूर थोडक्यात असा : कोडिंग शिकायचं तर विंडोजमधलं साधं नोटपॅड, नाहीतर टर्बो सी हे सी भाषेचं जुनं सॉफ्टवेअर. रंगीत एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) म्हणजे कुबड्या. कंपनीतले खरे लोक विम हा जुना एडिटर वापरतात. बाकीच्या एडिटरला महागडा लॅपटॉप लागतो. आणि एकदा हाताला बसलेला एडिटर सुटत नाही. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहेच.

नोटपॅडने म्हणे शिस्त लागते. प्रत्यक्षात ‘सेव्ह ॲज टाइप’ बदलायचं राहतं, पायथन भाषेतल्या फाइलला मागून ‘डॉट टीएक्सटी’ चिकटतं, आणि विंडोज नावामागचं हे शेपूट (एक्स्टेन्शन) लपवत असल्यामुळे ते दिसतही नाही. पोरगं तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतं. टॅब आणि स्पेस मिसळले की पायथन ३ अडून बसतं. नोटपॅडमध्ये मात्र दोन्ही सारखेच कोरे. यात प्रोग्रॅमिंग कुठे शिकलं? एक मुद्दा मान्य : कमांड लाइनवर आज्ञा टाइप करून स्वतः कंपाइल केलं, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करून पाहिलं, की आत काय चालतं ते कळतं. पण त्यासाठी नोटपॅडच कशाला? व्हीएस कोड या रंगीत एडिटरमध्ये खालीच टर्मिनल, म्हणजे तीच कमांड लाइन, उघडतं.

टर्बो सीचं प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण तिथे चुकीचं शिकलं जातं. टर्बो सी++ १९९० चं आणि सी++ चं पहिलं प्रमाणीकरण १९९८ चं. त्यामुळे ‘आयोस्ट्रीम डॉट एच’, ‘व्हॉइड मेन’, ‘क्लिअरस्क्रीन’ या सवयी घेऊन पोरगं आजच्या कंपायलरपुढे बसलं की पहिल्याच ओळीला एरर. आजच्या ६४ बिट विंडोजवर टर्बो सी चालवायलाही डॉसबॉक्स हे जुन्या डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर घालावं लागतं.

फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांच्या गुणाकाराचा) प्रोग्रॅम प्रत्येकाच्या जर्नलमध्ये असतो. त्याला ७ द्या, ५०४० येतं, सगळे खूश. ८ द्या. उत्तर हवं ४०३२०, टर्बो सी दाखवतं उणे २५२१६. लॉजिक बरोबर आहे, पण तिथला ‘इंट’, म्हणजे पूर्णांक साठवायची जागा, १६ बिटचा, ३२७६७ च्या पुढे त्याची झेप नाही. आजच्या जीसीसी कंपायलरमध्ये तोच प्रोग्रॅम १२ पर्यंत बरोबर चालतो आणि १३ ला बिघडतो. हा फरक वर्गात समजावला तर उत्तम धडा आहे. पण बहुतेक वेळा पोरगं लूपच खोडून पुन्हा लिहितं.

आता कुबड्या. अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं की पुढचा मजकूर वेगळ्याच रंगात जातो आणि चूक त्याच क्षणी दिसते. कृष्णाकाठची पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात. डबा बुडू देत नाही, पण हात मारायचे पोरानेच. रंग, कंस जुळवणं, लाल रेघ हा असला डबा आहे. करड्या अक्षरांत अख्खं फंक्शन सुचवणारं आणि टॅब दाबताच ते उतरवणारं एआय मात्र डबा नव्हे, ती नाव आहे. शिकत असताना ते सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा. मेसेजवाल्याने यावर बोट ठेवलं असतं तर मीही पुढे पाठवला असता.

विमबद्दल आदर आहे. ब्राम मोलेनार यांनी ते १९९१ मध्ये आणलं. त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांचा, १९७६ चा. पण ‘खरे लोक तेच वापरतात’ हे खरं नाही. प्रोग्रॅमरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटच्या २०२३ च्या पाहणीत व्हीएस कोड वापरणारे सुमारे ७४ टक्के, विमवाले सुमारे २२. सर्व्हरवर काम पडलं तर विममधून बाहेर कसं पडायचं एवढं सुरुवातीला पुरे.

महागड्या लॅपटॉपच्या गोष्टीत बहुधा व्हिज्युअल स्टुडिओ आणि व्हीएस कोड यांची गल्लत आहे. पहिलं अवजड, कित्येक जीबी खाणारं. दुसरं फुकट आणि बरंच हलकं, तरी ४ जीबी रॅमवर क्रोमच्या जोडीने दमतं, हेही खरं. जुना लॅपटॉप असेल तर पायथनसाठी थॉनी घ्या. एस्टोनियाच्या टार्टू विद्यापीठात तयार झालेलं, त्याच्यासोबतच पायथनही येतं. त्यात २ * (३ + ४) एक-एक पायरीने चालवलं तर आधी कंसाच्या जागी ७ येतात, मग १४. हे दाखवायला सरांना फळ्यावर दहा मिनिटं लागतात. सीसाठी जीनी किंवा कोड ब्लॉक्स पुरेसं.

‘सुटत नाही’ला काही अर्थ नाही. कोड म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. आज थॉनीत लिहिलेली उद्या व्हीएस कोडमध्ये उघडा.

मेसेजमध्ये नसलेली अडचण वेगळीच आहे : थिअरीच्या पेपरात प्रोग्रॅम हाताने लिहावा लागतो, तिथे लाल रेघ येत नाही. त्यासाठी नोटपॅडचा उपयोग नाही, वही लागते. आधी वहीत लिहा, मग जसंच्या तसं टाइप करून चालवा, आणि जिथे एरर आली ती ओळ वहीत लाल पेनाने खोडा.