हौसेच्या मोटारीला पदपथ आंदण दिला आहे काय?

दर रविवारी सकाळी प्रभात रस्त्यावर तोच प्रकार घडतो. चकचकीत बंपरची एक जुनी मोटार नाश्त्याच्या दुकानासमोर पदपथावर चढवली जाते, भोवती फोटो काढणाऱ्यांचा घोळका जमतो आणि माझ्या वृद्ध आईला काठी टेकत वाहत्या रस्त्यावर उतरावे लागते. हटकले, तर उत्तर ठरलेले: “अहो, हा वारसा आहे!” वारसा मलाही प्रिय आहे, पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी देतानाच, त्या प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणाव्यात, असेही बजावले आहे. नित्याच्या वापराला मुभा नाही. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारे उपकरण) नसलेल्या आणि कार्ब्युरेटरने पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या त्या जुन्या इंजिनातून निघणारा अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा दर्प सिग्नलला मागे थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या घशात घरी पोहोचेपर्यंत राहतो. माझ्या स्कूटरला १५ वर्षे झाली, तेव्हा फेरनोंदणी आणि पर्यावरण कर मी निमूटपणे भरला. मग त्या मोटारीलाच पदपथाची मोकळीक कोणत्या न्यायाने?