सुई टोचीसन घोडं चालस का?

परवा एकाने मेसेज केला, "दादा, तुमच्या घोडीला सुया टोचायला डॉक्टर येत होते ना, त्यांचा नंबर द्या. आमचा घोडा दोन महिन्यांपासून लंगडतोय." नंबर द्यायला काहीच हरकत नव्हती. पण नंबरासोबत जे सांगायला हवं ते मेसेजमध्ये मावेना, म्हणून इथे लिहितोय.

कपाशी ही आमची नुकरी घोडी. पांढरीशुभ्र, म्हणून नाव कपाशी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून दत्त जयंतीच्या यात्रेत आणलेली. आप्पांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, तिचे दात पाहिले, भोवरे मोजले, शेपटीपासून आयाळीपर्यंत हात फिरवला आणि तापीच्या काठाला वाळूत पळवून पाहिली. चाल बघून बाजारातली माणसं थांबत होती. आता कळतं की वाळूत पळवण्यात अर्धीच परीक्षा होते. खुराचं दुखणं मऊ जमिनीवर लपतं, कडक जमिनीवर उघडं पडतं. आप्पांना हे सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

आमची शेती केळी-कापसाची, आणि लग्नसराईत घोडी वरातीला जाते. वरात म्हणजे काय ते तुम्ही पाहिलेलंच आहे. डांबर नाहीतर पेव्हर ब्लॉक, कानाशी डीजे, पाठीवर नवरदेव, त्याच्यापुढे कोणाचातरी भाचा, आणि चौकाचौकात "नाचवा ना घोडी". तीन-तीन तास. दोन वर्षांपूर्वी माघातल्या एका लग्नावरून परत आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पुढचा उजवा पाय नीट पडेना.

तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावलं. माणूस चांगला, पण दिवसभर म्हशी, गायी आणि शेळ्यांत बुडालेला. त्यांनी पाय दाबून पाहिला, मेलॉक्सिकॅमचं, म्हणजे दुखणं-सूज उतरवायचं, इंजेक्शन दिलं, आठ दिवस आराम सांगितला. आठ दिवसांत घोडी बरी. पुढच्या वरातीनंतर पुन्हा तेच. असं तीनदा झालं. (मधे एका मेडिकलवाल्याने डायक्लोफिनॅक हे दुसरं दुखण्याचं औषध पुढे केलं, "माणसांचं आहे, चालतं" म्हणून. ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे. गिधाडं आमच्या लहानपणी दिसायची, आता पोरांना चित्रात दाखवावी लागतात.) तिन्ही वेळा खूर उचलून, साफ करून, चिमट्याने दाबून कोणी पाहिलं नाही. मीही म्हटलं नाही की बघा. मला काय माहीत.

मग आप्पा म्हणाले, डाग दे. आमच्या आजोबांच्या काळात बैल लंगडला की विळा लाल करून खांद्यावर नाहीतर गुडघ्यावर डाग द्यायचे. त्या डागांचे पांढरे चट्टे मी लहानपणी बोटाने गिरवलेले आहेत. डाग दिलेला बैल बरा व्हायचा हेही खरं, कारण डागाची जखम भरेपर्यंत त्याला औताला कोणी जुंपायचं नाही. दोन-दोन महिने आराम. इंग्लंडातही शर्यतीच्या घोड्यांच्या पायातल्या शिरांना (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या) असेच डाग द्यायची पद्धत होती. 1983 मध्ये ब्रिस्टॉलच्या संशोधकांनी नीट तपासून पाहिलं तेव्हा डागाने शीर लवकर भरते असं काही दिसलं नाही. हे मी आप्पांना मोबाईलवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, इंग्लंडच्या घोड्याले काय समजस.

डाग मी देऊ दिला नाही. घरात चार दिवस अबोला. त्याच आठवड्यात नाशिकच्या एका मित्राने सांगितलं की ॲक्युपंक्चर करणारे जनावरांचे डॉक्टर आहेत, रीतसर पदवी घेतलेले, वर हा वेगळा कोर्स केलेला. डागापेक्षा सुई बरी, एवढाच माझा हिशेब होता. चिनी विद्या, हजारो वर्षांचा अनुभव वगैरे नंतर सुचलं, लोकांना सांगायला.

ते आले त्या दिवशी ओट्यावर निम्मं गाव. डॉक्टरांनी आधी घोडीच्या मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत एका बोटाने दाबत रेघ ओढली. पाठीवर एका जागी बोट टेकलं आणि कातडी माशी बसल्यासारखी थरथरली. "इथे धरलंय," म्हणाले. मग सुया काढल्या. आपल्या इंजेक्शनच्या सुईपुढे अगदी केसासारख्या. एकेक खांद्यात, पाठीत, आणि दोन खुराच्या वर, जिथे केस संपतात त्या कडेला. खुराजवळच्या सुईला तिने पाय झटकला, बाकीच्यांना कान सुद्धा हलवला नाही. दहा मिनिटांत तिचं डोकं खाली आलं. खालचा ओठ सुटून लोंबायला लागला. तिने जांभई दिली, मग आणखी एक. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

आप्पा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. "जपी गयी का काय ती?" झोपली की काय, म्हणून. मग मला बाजूला घेऊन हळूच, "सुई टोचीसन घोडं चालस का रे भो?"

सुया काढताना एक कमी भरली. शेजारी चुलतभावाची गाय बांधलेली, खाली कडब्याचा चुरा. गायीच्या पोटात सुई गेली तर काय होतं हे ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्याने-त्याने आपल्या ओळखीच्या गायीची गोष्ट सांगितली. शेवटी पुतण्याने जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून आणलं, मी आणि डॉक्टर गुडघ्यावर बसून कडब्यात अर्धा तास चुंबक फिरवत होतो. सापडली. डॉक्टरांच्या पँटच्या दुमडीत.

चार दिवस आराम सांगितला होता. पाचव्या दिवशी घोडी छान चालली. मी फेसबुकवर फोटो टाकला, तोच अनेकांनी पाहिलेला आहे, आणि त्याच्याचमुळे आज नंबर मागताहेत. पुढचा फोटो टाकला नव्हता. बाराव्या दिवशी ती पुन्हा लंगडली. पुन्हा सुया, पुन्हा चार दिवस आराम, पुन्हा बरी. एकूण पाच वेळा. प्रत्येक वेळचे अडीच हजार आणि नाशिकहून यायचं डिझेल.

तुम्ही म्हणाल, जनावराला कुठे माहीत असतं की आपल्यावर उपचार चाललेत? मग त्याला वाटलेला आराम खरा असणार ना. मीही हेच म्हणायचो. पण आराम पडला हे सांगत कोण होतं? मीच. पैसे मोजलेला माणूस. अमेरिकेत 2012 मध्ये संधिवाताच्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास छापून आला. ज्या कुत्र्यांना नुसतीच औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांचे मालक सांगत होते सुधारलाय, डॉक्टरही सांगत होते, आणि पाय किती जोराने पडतो हे मोजणारं यंत्र सांगत होतं की काही फरक नाही. ते वाचून मी माझे जुने व्हिडिओ काढून बघितले. बऱ्या झालेल्या दिवसांतही उजवा पाय पडताना तिचं डोकं वर जातंय. दुखरा पाय जमिनीला लागला की घोडं डोकं वर उचलतं, चांगल्या पायावर खाली आणतं. मी तेव्हा मानेचा डौल म्हणून बघत होतो.

त्या विद्येबद्दलही वाचत गेलो. डॉक्टर बोलता-बोलता म्हणाले होते की डॉ. कोटणीसांमुळे ही विद्या भारतात आली. सोलापूरचा माणूस म्हणून छाती फुगली, पण ते तसं नाही. कोटणीस 1938 मध्ये भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शस्त्रक्रिया करायला, आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्याच पथकातले डॉ. बसू, त्यांनी पुढे ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणलं. आणि सुया टोचायच्या जागा जोडणाऱ्या, अवयवांच्या नावाच्या ज्या रेषा घोड्याच्या अंगावर दाखवतात, त्या बऱ्याचशा माणसाच्या नकाशावरून विसाव्या शतकात उतरवलेल्या आहेत. जुन्या चीनमधले घोडेवैद्य पुष्कळदा रक्त काढायचे आणि, आप्पा ऐका, डाग द्यायचे. नकाशात घोड्याला पित्ताशयाची रेषा आहे. घोड्याला पित्ताशय नसतं. माणसाच्या रेषा पाच बोटांच्या टोकांना जातात, घोडं एकाच बोटावर उभं असतं, म्हणजे बाकीच्या रेषा जातात कुठे?

म्हणून सुई थोतांड आहे असं मी म्हणत नाही. सुई टोचल्यावर शरीर स्वतःचं वेदनाशामक सोडतं, हे 1970 च्या दशकातच उंदरांवर दाखवलेलं आहे. ते रसायन अडवणारं औषध दिलं की सुईचा परिणामही जातो. घोडीची जांभई मी डोळ्यांनी पाहिली. पण 2006 मध्ये पाळीव प्राण्यांवरच्या ॲक्युपंक्चरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा निष्कर्ष निघाला की शिफारस करावी किंवा नाकारावं, दोन्हीला पुरेल असा पुरावा नाही. वीस वर्षांत त्यात फार भर पडलेली मला तरी सापडली नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती निम्मी माझ्याविरुद्ध आहे. पाच वेळा सुया टोचल्या, तीन वेळा इंजेक्शनं झाली, एकदा डागाचं भांडण झालं, आणि दुखतंय नेमकं कुठे हे कोणीच शोधलं नव्हतं. "हे इंग्रजी औषध, ते पूर्वेचं" यावर आम्ही ओट्यावर तासनतास वाद घातला. अरे, डागही पूर्वेचाच की! शालिहोत्र या आपल्या जुन्या अश्ववैद्याचं नाव घेऊन आपण मिरवतो, पलटणीत घोड्याच्या वैद्याला सलोतरी म्हणत ते त्याच्याच नावावरून. जुनं आहे, आपलं आहे, चीनचं आहे, ही काय परीक्षा झाली? सुईवाले डॉक्टर मला आवडले, आजही आवडतात, कारण माझ्या घोडीला चाळीस मिनिटं हात लावणारे ते पहिले होते. त्या चाळीस मिनिटांचेच मी पैसे दिले असं आता वाटतं. पण त्यांनीही खूर उचलला नाही.

खूर उचलला तो पुण्याहून आलेल्या एका डॉक्टरांनी, शर्यतीच्या घोड्यांवर काम केलेल्या. एका ओळखीच्या तबेल्यावर आले होते, तिथे कपाशीला टेम्पोत घालून नेली. त्यांनी तिला आधी सिमेंटच्या रस्त्यावर चालवली, मग दुडक्या चालीने. चिमट्यासारख्या अवजाराने खूर जागोजागी दाबला. टाचेशी आल्यावर तिने पाय ओढून घेतला. मग टाचेच्या वर दोन्ही बाजूंना भुलीचं इंजेक्शन दिलं, तेवढाच भाग बधिर होईल असं. दहा मिनिटं थांबलो. पुन्हा चालवली. उजव्या पायाने एकदम सरळ चालली, आणि डाव्याने लंगडायला लागली.

मला वाटलं इंजेक्शन चुकलं. डॉक्टर हसले. दोन्ही टाचा दुखत होत्या. उजवी जास्त, म्हणून डावीचं कळत नव्हतं. सहा महिने आम्ही सगळे उजव्या खांद्याकडे बघत होतो. आप्पा टेम्पोला टेकून उभे होते, ते एवढंच म्हणाले, "दोन्ही पाय दुखी ऱ्हायनात, आन् ती नाचत व्हती."

कारण काय, तर नाल. आमच्याकडे बैलांना पत्री मारणारेच घोड्याला नाल ठोकतात. खूर पुढे लांब सोडलेला, टाच दबून चेपलेली, त्यामुळे प्रत्येक पावलाला टाचेच्या आतल्या हाडावर आणि शिरेवर ताण. त्यावर डांबरावरचा नाच. एक्स-रेमध्ये हाडाची थोडी झीजही दिसली, ती परत भरणार नाही. पुढचा खूर आखूड केला, टाच उचलली, मागून जोडलेला अंड्याच्या आकाराचा नाल वेल्डिंगवाल्याकडून चित्र दाखवून बनवून घेतला. पाच आठवड्यांनी नाल बदलायचा, चुकवायचा नाही. चणे कमी, वजन कमी.

सुया बंद केल्या का? नाही केल्या. पायाचं दुखणं चुकवायला ती पाठ आखडून धरायची, तिथे सुया टोचल्या की ती सैल होते असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय, मोजलेलं नाही. वर्षातून दोनदा नाशिकचे डॉक्टर येतात. आता तेही आधी खूर उचलून बघतात.

कपाशी आता चालते, दुडकते, पोरांना पाठीवर घेते. नाचवत नाही. वरातीला देतो ते फक्त देवळापासून मांडवापर्यंत, आणि "नाचवा" म्हटलं की लगाम माझ्याच हातात असतो. त्यामुळे दोन लग्नं गेल्या मोसमात हातची गेली.

तर ज्याने नंबर मागितला त्याला दोन नंबर पाठवलेत. नाशिकचा खाली, पुण्याचा वर. आणि विचारलंय की नाल शेवटचा कधी बदलला. अजून उत्तर आलेलं नाही.

ते स्पीकरचं चुंबक अजून तबेल्यात खुंटीला लटकतंय. नालबंद आला की जुने खिळे त्यानेच वेचतो. मग आप्पा खिळे मोजतात, आणि एक जरी कमी भरला तरी त्याला चहा मिळत नाही.