रूळ गिरवले आणि देश तोडला? थांबा जरा

आमच्या मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डचा सारांश: 1947 साली फाळणीची सीमा ठरवणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष रॅडक्लिफ याने लोकसंख्या वगैरे काही पाहिलीच नाही. रेल्वेच्या नकाशावरचे रूळ गिरवून त्याने बंगालची सीमा आखली, तीही साहेबांची कलकत्ता–दार्जिलिंग गाडी भारतात राहावी म्हणून. पुरावा काय, तर सीमेवरचं हिली स्टेशन: 'हिलीला फलाट भारतात, रूळ बांगलादेशात'. त्यावर अंगठ्यांचा पाऊस.

दार्जिलिंगच्या गाडीचं तर फारच झालं. ती जायची कुठून? सियालदह, राणाघाट, पद्मेवरचा हार्डिंज पूल, सांताहार, हिली, पार्वतीपूर, हल्दीबाडी, मग सिलिगुडी. यातला मधला जवळजवळ सगळा टप्पा पूर्व पाकिस्तानात गेला. ही म्हणे गाडी वाचवली! भारतातल्या भारतात उत्तर बंगाल गाठायचं तर सक्रीगली घाटावर गाडीतून उतरा, सामान घेऊन स्टीमरने गंगा ओलांडा आणि पलीकडे मणिहारी घाटावर दुसरी गाडी पकडा. आसाम तर उरलेल्या भारतीय रेल्वेपासून तुटलाच. त्यासाठी घाईघाईने टाकलेली नवी लाइन जानेवारी 1950 मध्ये प्रवाशांना खुली झाली.

हिलीचं अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. रॅडक्लिफच्या 12 ऑगस्ट 1947 च्या निवाड्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सीमा बालुरघाट ठाण्याच्या (म्हणजे पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या भागाच्या) पूर्व कोपऱ्यात बंगाल-आसाम रेल्वेला भिडते, तिथून रेल्वेच्या जमिनीच्या पश्चिम कडेने खाली उतरते आणि पांचबीबी ठाण्याची हद्द लागेपर्यंत ती कड सोडत नाही. म्हणजे रूळ, फलाट, स्टेशन सगळंच पलीकडे. फलाट भारतात नाही. सलग लाइन तेवढ्या कोपऱ्यासाठी भारतात शिरून पुन्हा बाहेर पडू नये, हाच हेतू दिसतो. पण हा तुकडा किती? त्याच परिशिष्टात आजूबाजूला सीमा चालते ती ठाण्यांच्या हद्दींवरून. रूळ गिरवायचे असते तर हे कशाला?

राहिलं 'लोकसंख्या पाहिलीच नाही'. आयोगाला काम नेमून दिलं होतं तेच मुळी मुस्लिम आणि बिगरमुस्लिम बहुसंख्येचे सलग भाग ठरवण्याचं. 'इतर बाबी' त्यानंतर. पंजाबात सतलजच्या पूर्वेकडच्या मुस्लिम बहुसंख्य भागांबद्दल तर रॅडक्लिफने स्वतःच लिहिलंय की आपण बराच काळ घुटमळलो आणि अखेर रेल्वे व पाण्याची व्यवस्था विस्कटेल म्हणून बहुसंख्येचा दावा बाजूला ठेवला. लोकसंख्या पाहिलीच नसती, तर घुटमळला कशावर?