ब्युरोवाल्यांना उगाच त्रास देऊ नका

दिव्यांग मुलाला सांभाळायला ब्युरोकडून, म्हणजे घरकामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, बाई ठेवताय? उत्तम. त्यातून घर ठाण्याच्या कायम ट्रॅफिकने तुंबलेल्या घोडबंदर रोडला असेल तर दुधात साखर. तुम्ही वेळेआधी घरी पोचून कुणाची अडचण करण्याची भीतीच नाही.

आधी डिपॉझिट भरा. मग 'ट्रेनिंग झालंय ना?' असलं काही विचारू नका.

आणि लवकर घरी जाऊ नका. गेल्या मंगळवारी मी गेले. माझी लेक नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या बिघाडामुळे स्वतःची कूसही बदलता येत नाही), बोलता येत नाही. (म्हणजे ब्युरोसाठी आदर्श गिऱ्हाईक, तक्रार शून्य.) सकाळी आठला डाव्या कुशीवर निजवून गेले होते. चार वाजता ती डाव्याच कुशीवर. डायपर मीच घातलेला, चिंब. मऊ भाताचा डबा ओट्यावर, वरचं रबर जागचं हललेलं नाही. कमरेच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला तरी फिका होईना, म्हणजे बेडसोरची सुरुवात. ताई म्हणाल्या, "झोपली होती ना, उठवलं नाही." लेक टक्क डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती.

ब्युरोचे साहेब गोड बोलले. "मॅडम, आम्ही फक्त माणूस पुरवतो. फॉर्मवर अकरावा मुद्दा बघा. उद्या रिप्लेसमेंट देतो." मिक्सरचं भांडं बदलून देतात तसं.

सोसायटीतल्या काकूंचा सल्लाही ऐका: अशा मुलांच्या आयांनी नोकरी करूच नये.

पोलीस चौकीत जायचंच असेल तर मार लागलेलं मूल न्या. नुसतं उपाशी, ओलं मूल नेलं तर 'आपसात मिटवा' एवढंच मिळतं.

कायदा तर वाचूच नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 357 सांगतं, असहाय माणसाला सांभाळायचा करार करून मुद्दाम सांभाळलं नाही तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमचं डिपॉझिट याहून जास्त होतं!

पण बाल न्याय कायदा 2015, कलम 75? ज्या संस्थेवर मुलाची काळजी सोपवली तिच्या नोकरालाच नाही, चालवणाऱ्यालाही 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दिव्यांगाला जाणूनबुजून अन्नपाणी दिलं नाही तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 92, 6 महिने ते 5 वर्षं. हे चौकीत मी सांगायचं? तुम्हाला पगार कशाचा मिळतो?

आणि अहो ब्युरोवाले, त्या बाईला काल गावाहून आणून आज माझ्या घरी उभी केलीत. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. महिन्याच्या महिन्याला कमिशन कापता, दोन दिवस शिकवायला काय धाड भरली होती? अकरावा मुद्दा बरा छापता येतो!

रजिस्टर उघडा, हवालदारसाहेब. बाईचं नाव नंतर. आधी मालकाचं लिहा.