श्रीखंडातलं जायफळ आणि बांदाचा इतिहास : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार. गेल्या महिन्यात मी बांदा बेटांवर लेख लिहिला (सिंधुदुर्गातलं बांदा नव्हे, इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतातली बेटं). त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली, आणि ती बऱ्याच जणांना पटलेलीही दिसते. म्हणून उत्तर देणं भाग आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की लेखात दोन बेटांच्या नावांचा घोळ आहे. बांदातल्या रुन बेटाच्या बदल्यात डचांनी इंग्रजांना न्यूयॉर्कचं मॅनहॅटन दिल्याची गोष्ट पर्यटकांना सांगायची असते, १६६७ च्या तहात अशी अदलाबदल नव्हतीच. बांदाचे मूळ लोक संपले हे चूक, त्यांचे वंशज काई बेटांवर आजही बांदाची भाषा बोलतात. आणि शेवटी हे वाक्य : "श्रीखंडात जायफळ किसलं म्हणजे बांदाचा इतिहास कळत नाही."

आधी नावांचं. तिथे तुम्ही बरोबर आहात. आज ज्याला हट्टा बेट म्हणतात त्याचं जुनं नाव रोझेनगाईन, आणि शहरीर बेटाचं पिसांग. माझ्याकडून उलटसुलट झालं. दुरुस्ती केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. चूक दाखवली की मी ती मान्य करतो, हे इथले जुने वाचक सांगतील.

आता ते वाक्य.

"लेखात स्वयंपाकघर जास्त झालं आणि १६२१ (डच कंपनीनं बांदात केलेली कत्तल) कमी पडलं" असं तुम्ही लिहिलं असतंत, तर मी शांतपणे ऐकून घेतलं असतं. कदाचित पटलंही असतं. पण तुम्ही श्रीखंड काढलंत. म्हणजे ज्याच्या घरी जायफळ किसलं जातं त्यानं किसावं, खावं आणि गप्प बसावं, इतिहास ज्यांचा आहे ते बघून घेतील. ही टीका नाही, हा टोमणा आहे. आणि तो तुम्ही अशा माणसाला मारलात ज्याचं सगळं आयुष्य जायफळाच्या वासात गेलं आहे. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, कबूल. पण माहीत नसताना बोललात, हेही तितकंच खरं.

आमची वाडी गुहागर तालुक्यातली. नारळ-पोफळीच्या सावलीत जायफळाची चार झाडं होती. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बी रुजवून लावलेलं झाड फुलावर येईपर्यंत त्यातलं काही कळत नाही. वडिलांनी सात वर्षं खतपाणी घातलं आणि चारातली दोन झाडं नर निघाली. नर-मादी दोन्ही फुलं एकाच झाडावर येणारी 'कोकण सुगंधा' दापोलीच्या कृषी विद्यापीठानं पुढे काढली, आमच्या वेळी ती सोय नव्हती. तर उरलेली दोन झाडं. पिवळं फळ देठापासून उभं उललं की आत लालभडक जायपत्री दिसायची. आजी ती न फाडता अख्खी सोडवायची, सुपात वाळत घालायची, आणि दिवसागणिक तो लाल रंग उतरत नारिंगी व्हायचा. बी कवचासकट वाळवायची. वाळली की नाही हे ती डोळ्यांनी बघत नसे. एकेक बी कानाशी धरून हलवायची. आतला गर सुकून कवचापासून सुटला की तो खुळखुळ वाजतो. न वाजणारं परत उन्हात.

त्यातलंच एक जायफळ सहाणेशेजारच्या डब्यात असे. वेखंड, मुरुडशेंग, मायफळ यांच्याबरोबर बाळगुटीला. माझ्या धाकट्या बहिणीला आजी जायफळाचे दोनच वेढे द्यायची, वर एकही नाही, कारण जास्त झालं तर मूल गुंगून पडतं. श्रीखंड वर्षातून दोनदा व्हायचं. सहाण रोजची होती.

पुढे मी तेवीस वर्षं वाशीच्या मसाला बाजारात काढली. गोणीत हात घालून माल कुठला आणि किती जुना, हे सांगण्याबद्दल मला पगार मिळत होता. २०१४ साली नोकरीतून मोकळा झालो आणि पहिल्यांदा पदरच्या पैशानं लांबचा प्रवास केला तो बांदाचा. अंबोनपासून आग्नेयेला साधारण २०० किलोमीटर. रात्रभर जहाजात, डेकवर, माणसं, कोंबड्या आणि तांदळाच्या पोत्यांमध्ये. पहाटे समोर गुनुंग आपी उभा राहिला, समुद्रातून थेट वर आलेला ज्वालामुखी. १९८८ साली त्याचा शेवटचा उद्रेक झाला, तेव्हा वाहत आलेल्या लाव्ह्याचा काळा पट्टा अजून किनाऱ्यापर्यंत दिसतो. नेइरा आणि लोंथोर ही बेटं त्याला वेढून आहेत. एका बुडालेल्या प्रचंड ज्वालामुखीच्या काठाचे हे उरलेले तुकडे.

लोंथोरला लांबलचक दगडी पायऱ्या चढून गावात जावं लागतं. वर उंच केनारीच्या झाडांची सावली आणि त्या सावलीत जायफळ. आमच्याकडे जे काम नारळ-पोफळ करते ते तिथे केनारी करते. फळ काढायला लांब बांबू, टोकाला वेताची छोटी टोपली आणि आकडे. त्याला ते 'गाई-गाई' म्हणतात. एका अंगणात एक म्हातारी बाई चटईवर बिया निवडत बसली होती. मी बघत उभा राहिलो. तिनं एक बी उचलली, कानाशी नेली आणि हलवली.

मला तिथेच खाली बसावं लागलं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची मोडकीतोडकी. मी एक बी उचलून कानाशी नेली, हलवली आणि "नाही" अशी मान हलवली. ती हसली आणि ती बी तिनं माझ्या हातातून काढून उन्हात ठेवली.

हे मी मूळ लेखात लिहिलं नाही, कारण लेख माझ्याबद्दल नव्हता. तुम्ही लिहायला लावलंत. एकोणिसाव्या शतकापर्यंत जगातलं जवळजवळ सगळं जायफळ याच मूठभर बेटांवरून येत होतं. संस्कृत वैद्यकग्रंथांतलं जातिफल इथलंच. म्हणजे आमच्या सहाणेवर जे उगाळलं जात होतं, त्याच्या बीजाची वाट लोंथोरच्या त्या अंगणातून निघालेली आहे. स्वयंपाकघर हे या इतिहासाचं टोक आहे. त्या टोकाला धरून उलटं चालत गेलं तर माणूस बांदाला पोचतो. मी पोचलो.

आणि १६२१ बद्दल. ते मी "उरकलं" असं तुम्ही लिहिता. बांदाला राजा नव्हता. 'ओरांग काया' म्हणजे गावोगावचे मातबर लोक मिळून कारभार बघायचे आणि व्यापाराचे करारही तेच करायचे. डच कंपनीनं त्यांच्याकडून डच भाषेतल्या कागदांवर मक्तेदारी लिहून घेतली. तुम्ही याला वसाहतवादी क्रौर्य म्हणून मोकळे होता, आणि ते क्रौर्य होतंच. पण बाजारात बसलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या बेटांवर धान्य पुरेसं पिकत नव्हतं. सागो (सागोच्या झाडाच्या खोडातलं पीठ) सेराम बेटाकडून यायचा, तांदूळ जावाच्या व्यापाऱ्यांकडून, कापड गुजरातचं आणि कोरोमंडलचं. जायफळ देऊन हे घ्यायचं, हा शेकडो वर्षांचा रिवाज. डचांनी भाव पाडून दिला आणि बदल्यात उष्ण बेटांवर लोकरीचं कापड आणलं. लोक जावाच्या, मकासरच्या आणि इंग्रजांच्या जहाजांना माल विकत राहिले, कारण नाही विकला तर खायचं काय? कंपनीच्या वहीत त्याची नोंद करारभंग अशी झाली. कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसून कून फौज घेऊन आला. लोंथोर पडलं. ८ मे १६२१ रोजी नासाऊ किल्ल्यापाशी ४४ मातबरांना भाडोत्री जपानी सैनिकांकडून मारवलं. बेटांवर सुमारे पंधरा हजार वस्ती होती असं मानतात, त्यातले हजारेकच उरले असावेत असा अंदाज आहे. बाकीचे तलवारीनं, उपासमारीनं, कड्यांवरून उड्या टाकून गेले, काही होड्यांतून पळाले, काहींना बटावियाला (आजच्या जाकार्ताला) गुलाम म्हणून नेलं. मग बागांचे ६८ तुकडे पाडून ते कंपनीच्या माणसांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले.

नेइरामध्ये पारिगी रांते नावाची विहीर आहे. तिथे त्या मारलेल्या माणसांची नावं कोरली आहेत. मी ती एकेक करून मोठ्यानं वाचली, जमतील तशी. तिथे उभं राहून जे वाटलं ते मला लेखात दोन ओळींपेक्षा जास्त लिहिता आलं नाही. तुम्हाला ते उरकणं वाटलं. वाटू दे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. १६६७ च्या ब्रेडाच्या तहाचं तत्त्व 'ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्यानं ठेवावं' असं होतं, हे मलाही माहीत आहे. रुन डचांकडे राहिलं, मॅनहॅटन इंग्रजांकडे. याला लोक अदलाबदल म्हणतात, मीही म्हटलं, त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नाही. काई बेटांवरच्या बांदा एली आणि बांदा एलात या गावांबद्दल म्हणाल, तर पळून गेलेल्यांचे वंशज तिथे आहेत आणि जुनी भाषा त्यांनी टिकवली आहे, बरोबर. पण माझा लेख बांदावर होता, काईवर नव्हता. प्रत्येक लेखात सगळं येत नाही.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. लेखाचा जवळजवळ अर्धा भाग मोहम्मद हट्टा आणि सुतान शहरीर या इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांवर होता (ती दोन बेटं त्यांच्याच नावाची). त्यावर तुमचं एक अक्षर नाही. डच सरकारनं या दोघांना १९३६ साली न्यू गिनीतल्या बोव्हेन डिगूलच्या कैद्यांच्या छावणीतून काढून बांदा नेइराला हद्दपार केलं, ते १९४२ पर्यंत तिथेच होते. हट्टांनी पुस्तकांच्या पेट्या बरोबर आणल्या होत्या. दोघं मिळून गावातल्या मुलांना शिकवायचे. मुलं सुट्टीत त्यांच्याबरोबर होडीतून बेटांवर जायची. पुढे एक देशाचा उपराष्ट्रपती झाला, दुसरा पंतप्रधान. १९४७ च्या जुलैमध्ये डचांचा पहारा चुकवून बिजू पटनाईक यांनी स्वतः विमान चालवत शहरीरना जावातून बाहेर काढून भारतात आणलं. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर यावर काहीतरी बोललाच असतात. नावांचा घोळ सापडला, श्रीखंड सापडलं, तेवढ्यावर तुम्ही थांबलात, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

आणि कृपा करून नावानं लिहा. मी इथे अकरा वर्षं माझ्या नावानं लिहितोय. चुकतो तेव्हा माझ्या नावानिशी चुकतो. ज्याला दुसऱ्याच्या घरातलं श्रीखंड काढायचं आहे त्यानं निदान आपलं नाव तरी सांगावं. एवढी अपेक्षा जास्त आहे असं मला वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. बेटांची नावं काल रात्री नीट केली. लोंथोरच्या त्या अंगणातला एक फोटो जुन्या फोनमध्ये असायला हवा. मुलाला शोधायला सांगितलं आहे, मिळाला की लेखात लावतो.