इकिगाईची ती चार वर्तुळं जपानची नाहीतच

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर परत ते चित्र आलं. चार वर्तुळं, तुम्हाला जे आवडतं, जे जमतं, जगाला जे हवंय आणि ज्याचे पैसे मिळतात, चारही जिथे एकमेकांवर येतात ती तुमची इकिगाई, म्हणजे ज्यासाठी जगावंसं वाटतं ते, आणि खाली लिहिलेलं की हे जपानचं हजारो वर्षांचं गुपित आहे, तिथल्या ओकिनावा बेटांवरचे लोक यामुळेच शंभरी गाठतात आणि त्यांच्याकडे रिटायरमेंटला शब्दच नाही. आईने ते झूम करून वाचलं आणि म्हणाली, "मला तर कोणी पैसे देत नाही, मग माझी नसेलच ना?" आई रोज संध्याकाळी वॉचमनच्या दोन मुलींना पाढे आणि शुद्धलेखन शिकवते, फुकट, चार वर्षं झाली. म्हणून हे लिहितेय.

पहिलं, चित्राबद्दल. आंद्रेस झुझुनागा नावाच्या स्पॅनिश ज्योतिषाचं ते चित्र, मध्ये 'जीवनाचा हेतू' अशा अर्थाचा शब्द होता. 2014 मध्ये मार्क विन या ब्रिटिश ब्लॉगरने तो काढून तिथे इकिगाई लिहिलं, बस एवढंच. शब्द जुना आहे, चित्र नाही.

दुसरं पैशांचं, आणि मला राग येतो तो याचाच. जपानमध्ये एखादी आजी सहज म्हणते की नातवंडं माझी इकिगाई आहेत, कोणाची बाग असते, कोणाचं गाणं असतं. या विषयावर 1966 मध्ये पुस्तक लिहिलं मिएको कामिया यांनी, त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करायच्या. तिथली माणसं कायद्याने घरापासून तोडून ठेवलेली, समोर किनारा दिसतोय, मध्ये अरुंदशी खाडी, तरी पूल झाला थेट 1988 मध्ये आणि तो कायदा गेला 1996 मध्ये. कामियांना प्रश्न पडला तो असा की सगळ्यांची परिस्थिती एकच, मग काहींना जगणं व्यर्थ वाटतं आणि काहींना वाटत नाही, हे कशामुळे? ज्यांचं घर, काम, कमाई सगळंच गेलंय त्यांच्याकडे बघून हा विचार झालाय, आणि आपण त्यात पगाराचं वर्तुळ घालून करिअर गायडन्सला वापरतोय!

शंभरीचं म्हणाल तर मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात 43,391 लोकांचा सात वर्षं अभ्यास झाला होता. त्यांना साधं विचारलं की तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का, आणि 'नाही' म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, हे खरंय. पण त्यांच्यात बेरोजगार, एकटे, आधीच तब्येत खराब असलेलेही जास्त होते. संशोधकांनी हिशोबात ते धरलं तरी 'यामुळेच' असं त्यातून म्हणता येत नाही. आणि ओकिनावाचे पुरुष 1985 मध्ये आयुर्मानात देशात पहिले होते, 2000 मध्ये 26व्या नंबरवर आले. शब्द तोच होता, ताटातलं आणि चालणंफिरणं बदललं.

रिटायरमेंटला शब्द आहे, तेइनेन, म्हणजे नोकरीतून निवृत्त व्हायचं ठरलेलं वय, कायद्याने ते 60 च्या खाली ठेवता येत नाही, आणि ओकिनावालाही तोच कायदा लागू आहे.

तर ते चित्र कोणाला नोकरी निवडायला उपयोगी पडत असेल तर खुशाल पाठवा, फक्त मधला शब्द खोडून पाठवा, कारण ग्रुपवर आईसारख्या अजून चार-पाच जणी तरी आहेत.