कन्नड म्हणे मराठीच्या पोटची!

'अभिमान असेल तर पुढे पाठवा' छापाचे मेसेज मी वाचत नाही. पण दाजींनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला हा मेसेज भाच्यानं मराठी भाषा दिनाच्या भाषणात जसाच्या तसा उतरवून घेतलाय, आणि भाषण व्हायचंय बेळगावात. म्हणून हा खटाटोप. मेसेजचं म्हणणं असं: मराठी ही देशातली सर्वांत जुनी भाषा असल्याचं केंद्रानं मान्य केलं, कन्नड ही मराठीचीच बिघडलेली बोली, ज्ञानेश्वरीआधी तिच्यात एक ओळसुद्धा नव्हती, ज्ञानेश्वरी हा मराठीतला पहिला ग्रंथ, आणि शेपटाला, संगणकासाठी मराठीच सर्वांत योग्य असल्याचा नासाचा दाखला आहेच.

अभिजात दर्जा म्हणजे वयाचा दाखला नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ ला तो मराठीबरोबर बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृतलाही मिळाला. कन्नडला तो २००८ मध्येच मिळालाय. मराठीची मुळं जुनी आहेत, हे मात्र खरं. नाणेघाटातला सातवाहनांचा प्राकृत लेख दोन हजार वर्षांपलीकडचा, हालाची गाथासप्तशतीही महाराष्ट्री प्राकृतातली. भाच्यानं हे खुशाल सांगावं.

आता कन्नडचं. मराठी इंडो-आर्यन कुळातली, कन्नड द्राविड कुळातली. हजारभर वर्षं शेजारी नांदल्या, एकमेकींकडून भरपूर घेतलं, म्हणून त्या मायलेकी होत नाहीत. ज्ञानेश्वरी १२९० ची. हळमिडीचा कन्नड शिलालेख साधारण इ.स. ४५० चा, पंपाचं आदिपुराण ९४१ चं, बसवण्णांची वचनं बाराव्या शतकातली. हे सगळं बाजूला ठेवलं तरी एकटा 'कविराजमार्ग' पुरे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारातला, साधारण ८५० चा हा ग्रंथ. तो नुसतं काव्य नाही, काव्य कसं करावं हे सांगणारं शास्त्र आहे, आणि त्यात आधीच्या कन्नड लेखकांची नावंही दिलीत. ज्या भाषेत ओळच नाही, तिचं काव्यशास्त्र कोण कशाला लिहील? अस्सल कन्नड कुठली, हे सांगताना त्यात किसुवोळल, कोपण, पुलिगेरे आणि ओंकुंद ही चार ठिकाणं येतात. यातलं ओंकुंद आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, बैलहोंगलकडे आहे. याच ग्रंथात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचंही म्हटलंय, आणि तिकडचे फॉरवर्डवाले ते नाचवतात. तोही तसलाच वेडेपणा. नवव्या शतकातला श्लोक म्हणजे सातबारा नव्हे.

कहर म्हणजे मेसेजवाल्यानं पुरावा म्हणून श्रवणबेळगोळचं 'श्री चावुण्डराजें करवियलें' दिलंय. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली ही ओळ मराठीतल्या सर्वांत जुन्या वाक्यांत गणली जाते, हे बरोबर. पण तिथंच त्याच अर्थाची ओळ कन्नडमध्येही आहे आणि तमिळमध्येही. तेवढं सोयीस्करपणे गाळलं!

पुण्यात असली फुशारकी फार तर हशावारी जाईल. इथं पाट्यांना काळं फासायला आणि बसेस अडवायला एवढं निमित्त पुरतं, आणि सोसावं लागतं गावातल्या माणसाला. शिवाय बेळगाव महाराष्ट्रात यावं या आपल्या मागणीचा भाषेच्या वयाशी काय संबंध? खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, यांवर ती उभी आहे. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, हेही कन्नडला कमी लेखून मागायची गरज नाही. उलट असल्या थापा मारल्या, की समोरच्याला आपली खरी कागदपत्रंही उडवून लावता येतात.

ज्ञानेश्वरी पहिली? महानुभावांचं लीळाचरित्र तिच्याआधी, १२७८ च्या सुमाराचं. विवेकसिंधू ११८८ चा मानतात, त्या सालावर वाद आहे.

राहिला नासा. १९८५ मध्ये तिथल्या रिक ब्रिग्ज या संशोधकानं संस्कृत व्याकरण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर एक लेख लिहिला होता, इतकंच. आणि तोही संस्कृतवर. मराठीचा त्यात काय संबंध, ते दाजींनाच विचारा.